भालो नाम

बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक घरात हाक मारायचं, ते डाक नाम. दुसरं शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत घालायचं, ते भालो नाम. कोलकात्यात सियालदहला राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या बाईंनी मला हे कौतुकाने सांगितलं होतं आणि मीही तितक्याच कौतुकाने ते नागपूरला आईला पत्रातून कळवलं होतं. आमच्या घरी कामाला असलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीलाही भालो नाम असणार, हे मात्र पुढची दोन वर्षं माझ्या मनात आलं नाही. तिला आम्ही बुडी म्हणत होतो. बुडी म्हणजे म्हातारी. बंगालीत लहान मुलीला लाडाने तसं म्हणतात. तिच्या मामाने तिला आणून सोडलं तेव्हा त्याने तीच हाक मारली होती, तीच आम्ही पुढे चालवली.

माझे पती पूर्व रेल्वेत होते. १९९८ साली त्यांची बदली झाली आणि २००३ च्या अखेरपर्यंत आम्ही सियालदहच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिलो. त्याआधी बारा वर्षं मी नागपुरात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्यं, संयुक्त राष्ट्रांच्या शाखा, सगळं तोंडपाठ. दरवर्षी १० डिसेंबरला फळ्यावर रंगीत खडूने 'मानवी हक्क दिन' लिहायचं काम माझ्याकडे असे. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसं' करायला लावलं ते आपल्या हंसा मेहतांनी, ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायची. मुंबईच्या विधिमंडळात बसलेली, पुढे बडोद्याच्या विद्यापीठाची कुलगुरू झालेली एक बाई साऱ्या जगाचा मसुदा दुरुस्त करते, हे सांगताना मला भरून येत असे. ते खोटं नव्हतं. पण हे सगळं पाठ असलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक अ‍ॅल्युमिनियमचं ताट आणि कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता, हेही खरं आहे.

सियालदह स्टेशन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना तिथली सकाळ सांगून कळणार नाही. दक्षिण विभागात कॅनिंगकडची लोकल लागली की डब्यातून बायकाच बायका उतरतात. सुंदरबनच्या काठच्या गावांतून पहाटे निघालेल्या, शहरातल्या घरांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या. बंगालीत अशा बाईला झी म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मुलगी, लेक. सासुरवाशिणी आणि लेकी मिळून 'बौ-झी'. लेकीचा शब्द मोलकरणीला कधी चिकटला, मला सांगता येणार नाही, पण ज्या भाषेत तो चिकटला तिच्यात बऱ्याच लेकींना लवकर कामाला लागावं लागलं असणार. फाळणीनंतर याच फलाटांवर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं महिनोन्महिने राहिली. कोण कुठल्या देशाचा नागरिक, हा प्रश्न त्यांना चुलीशेजारी बसून सोडवावा लागला. मी तो पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत सोडवत होते.

स्टेशनच्या बाहेरून जो मोठा रस्ता दक्षिणेला जातो तो आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, जुना लोअर सर्क्युलर रोड. या रस्त्याची हकीगत मला एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी सांगितली. सांगताना ते जरा संकोचले, कारण मी पडले नागपूरची. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी करून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. मराठे कलकत्त्यापर्यंत आले नाहीत. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्या रेषेवरून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. तिकडच्या आया अजूनही मुलांना निजवताना बर्गी आले म्हणून भीती घालतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. शाळेत असताना आम्ही अटकेपार गेल्याचा धडा शिकलो, पण बंगालातल्या गावांचं काय झालं हा धडा आम्हाला नव्हता. गंगाराम नावाच्या कवीने त्या काळात एक काव्य लिहून ठेवलं आहे आणि त्याचं नावच 'महाराष्ट्र पुराण' आहे. ते वाचल्यावर मला कितीतरी दिवस बाजारात मराठी बोलताना अवघडल्यासारखं झालं. आपला पराक्रम दुसऱ्याच्या अंगाईत कसा ऐकू येतो, हे मुलांना कधीतरी ऐकवलं पाहिजे. जागतिक नागरिकत्व असा भारदस्त शब्द हल्ली अभ्यासक्रमात आला आहे. त्याची सुरुवात करायला मला याहून बरी जागा दिसत नाही.

लोरेटो डे स्कूल, सियालदह, ही मुलींची शाळा याच रस्त्यावर आहे. १८५७ सालची. इंग्रजी माध्यम, मिशनची शिस्त, चांगल्या घरच्या मुली. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका म्हणून आल्या. जन्म १९३६ चा, आयर्लंडमधला. १९५६ मध्ये भारतात आल्या, लखनौला प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केली, तिथेच शिकवलं. त्या सियालदहला आल्या तेव्हा शाळेत जेमतेम आठशे मुली होत्या आणि त्यांतल्या नव्वदेक गरीब घरच्या. वीस वर्षांनी, मी तिथे होते तेव्हा, पट चौदाशेच्या घरात होता आणि साधारण निम्म्या मुली फी न भरणाऱ्या होत्या. फी भरणारी कोण आणि न भरणारी कोण, हे वर्गात बघून ओळखता येत नसे. १९८५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. रस्त्यावर, स्टेशनात, पुलाखाली राहणाऱ्या मुलींसाठी शाळेची गच्ची उघडली होती. रेनबो हे त्या कामाचं नाव. त्या मुलींनी हव्या त्या वेळी यावं, दोन तास बसावं, जावं. ज्यांना रात्रीचा आसरा नव्हता त्यांतल्या काही तिथेच राहत. त्यांना शिकवायचं कोणी? शाळेतल्याच मुलींनी, पाचवीपासून पुढच्या.

आपल्याकडे कार्यानुभव नावाचा एक तास असतो. मी शिकवत होते त्या शाळेत त्या तासाला मुली मेणबत्त्या, खडू, क्रेप कागदाची फुलं करत. प्रदर्शन भरलं की ती फुलं आम्ही शिक्षिकाच विकत घेत असू. सियालदहच्या त्या शाळेत हाच तास मुली गच्चीवर काढत. एकेकीच्या वाट्याला एकेक मुलगी, पाटी, आणि अर्धा-पाऊण तास. तो वेळापत्रकात होता. म्हणजे ते काम मनात दया आली म्हणून करायचं नव्हतं. गणिताला जसं बसायचं तसंच गच्चीवर जायचं. आठवड्यातून एक दिवस मोठ्या वर्गांतल्या मुली बसने खेड्यांतल्या शाळांत शिकवायला जात. १९९४ मध्ये युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार या शाळेला मिळाला आणि २००७ मध्ये सिस्टर सिरिलना पद्मश्री. हे सगळं मला पुढे वाचून कळलं. आधी त्या शाळेच्या दोन मुली आमच्या दारात आल्या होत्या.

दुपारचे चार वाजले असतील. गणवेशातल्या, तेरा-चौदा वर्षांच्या, एकीच्या हातात लांब वही. मला वाटलं वर्गणी. मी पाकीट आणायला वळले तर त्यांतली एक म्हणाली, "काकीमा, पैसे नकोत. तुमच्याकडे काम करते ना, तिच्याशी बोलायचंय." त्या शाळेच्या मुली आसपासच्या वस्तीत घरकाम करणारी लहान मुलं कुठे आहेत ते शोधत होत्या. घरांच्या भिंतीआड असल्यामुळे ही मुलं कोणाच्या मोजणीत येत नाहीत. त्यांच्याशी ओळख करायची, घरमालकिणीला विनवून त्यांना खेळायला आणि शिकायला दिवसाचे तास-दोन तास मिळवून द्यायचे, असं ते काम होतं. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर कायद्याने बंदी आली ती २००६ च्या ऑक्टोबरात. तेव्हा २००० साल होतं. त्या दोघींच्या हातात कायदा नव्हता, फक्त वही होती.

बुडी दाराआड उभी होती. हात राखेने भरलेले. मी म्हटलं, "ही बुडी. दहा-अकरा वर्षांची आहे. खाऊनपिऊन सुखी आहे, आमच्यातलीच आहे." माझं वाक्य त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, पण लिहिलं काहीच नाही. ती उंबऱ्याशी खाली बसली, डोळे बुडीच्या डोळ्यांसमोर येतील इतकी खाली, आणि म्हणाली, "तोमार भालो नाम की?"

बुडी बराच वेळ बोलली नाही. मग तिने एक नाव सांगितलं. तीन अक्षरी, सुंदर, आडनावासकट. ते नाव मी इथे लिहीत नाही. पण ते ऐकताना मला काय झालं ते लिहिलं पाहिजे. दोन वर्षं ती माझ्या घरात झोपत होती. तिला भात किती लागतो, ताप आला की ती कशी गप्प पडते, विजांना कशी घाबरते, हे मला ठाऊक होतं. तिचे दीडशे रुपये महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा येऊन घेऊन जायचा, तेव्हा मी न चुकता वर पाच-दहा घालत असे आणि मनातल्या मनात स्वतःला बरी समजत असे. बालहक्कांच्या करारात मुलाला जन्मापासूनच नावाचा आणि नागरिकत्वाचा हक्क आहे, ते सातवं कलम. १९८९ चा करार, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. हेसुद्धा मी शिकवलेलं होतं. तेरा वर्षांच्या एका मुलीला जो प्रश्न पहिल्यांदा सुचला तो मला दोन वर्षांत सुचला नाही. का सुचला नाही, यावर मी आजवर विचार करत आले आहे.

माझं माहेर वारकऱ्यांचं. आजोबा पंढरपूरला गेले की महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीला हात लावून मगच आत जात. लहानपणी मीही तसंच केलं. ज्याला हयातीत आत येऊ दिलं नाही त्याला दाराशी नमस्कार करून आपण आत जायचं, यात काही विपरीत आहे असं घरात कोणी म्हणत नव्हतं. आम्ही वाईट माणसं नव्हतो. सर्वांभूती एकच ईश्वर, हे आमच्या घरात रोज म्हटलं जात असे आणि मनापासून म्हटलं जात असे. चोखोबांचे अभंग तर डोळ्यांत पाणी आणून म्हणत. पण विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडलं ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिल्यावर. इतकी शतकं अभंग होते, टाळ होते, समता होती, फक्त दार बंद होतं.

माझ्यापुढे प्रश्न हा आहे. धर्माने आणि तत्त्वज्ञानाने माणसं एक आहेत हे इतक्या आधीच सांगून ठेवलं असेल, तर ते पुन्हा शिकवावं का लागतं? आणि शिकवूनही का उतरत नाही? १८९७ साली १९ फेब्रुवारीला विवेकानंद पश्चिमेकडून परतले ते बजबजहून खास गाडीने याच सियालदह स्टेशनात उतरले. पोरांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढली. अद्वैताचा इतका मोठा जल्लोष दुसऱ्या कुठल्या स्टेशनाने पाहिला नसेल. त्याच स्टेशनाच्या फलाटावर शंभर वर्षांनी मुली उघड्यावर झोपत होत्या आणि त्यांना ओलांडून आम्ही सगळे आत्म्याची एकता मानणारे लोक लोकल पकडत होतो.

मला वाटतं, यात अडचण श्रद्धेच्या खरेपणाची नसते. दान करणाऱ्या माणसाला आपल्या जागेवरून हलावं लागत नाही, घोटाळा तिथे आहे. मी बुडीला जुना फ्रॉक दिला, माझी जागा तीच राहिली. पाच रुपये जास्त दिले, जागा तीच, उलट थोडी उंच झाली. दानाने पुण्य मिळतं असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. घेणाऱ्याला वस्तू मिळते आणि देणाऱ्याला पुण्य, म्हणजे शेवटी हिशेबात देणाराच वर. हक्क मान्य करायचा तर मला सरकून बसावं लागतं. माझ्या बाकावर तिला जागा द्यावी लागते आणि त्याबद्दल कोणी मला पुण्य देत नाही, कारण ती जागा तिचीच होती. म्हणून दया शिकवायला गोष्ट पुरते. हक्क गोष्टीने शिकवता येत नाही, त्याला बाक लागतो, गच्ची लागते, वेळापत्रकातला तास लागतो.

जोतीराव फुल्यांना हे पुरतं कळलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. वरच्या वर्गांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी विश्वास त्यांनी खोडून काढला. पण मला त्यांची त्याआधीची एक गोष्ट जास्त जवळची वाटते. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांच्या ग्रंथांइतकंच ते कृत्य शिकवणारं आहे. माणसं समान आहेत हे वाचून समजायला अक्षरं यावी लागतात, पण हौदावर आलेल्या बाईला ते घागर बुडवताना कळतं. आणि घरातल्या माणसांनाही कळतं, कारण तेच पाणी त्यांना प्यायचं असतं.

लोरेटोच्याच परंपरेतल्या दोन स्त्रियांचा विचार मी सियालदहला असताना पुष्कळ केला. मदर तेरेसा आधी लोरेटोच्याच. जवळच एन्टालीला त्यांच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, मुख्याध्यापिकाही झाल्या. १९४८ मध्ये त्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोतीझीलच्या वस्तीत जमिनीवर काडीने अक्षरं काढून मुलांना शिकवू लागल्या. पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला तोही त्याच डिसेंबरात, १० तारखेला. एक जोगीण भिंत सोडून रस्त्यावर गेली. तीस-पस्तीस वर्षांनी दुसरीने रस्त्यालाच भिंतीच्या आत बोलावलं. मदर तेरेसांपुढे मी नतमस्तक आहे, मरणाऱ्याचा हात हातात घेणं मला या जन्मी जमणार नाही. पण शिक्षिका म्हणून विचाराल तर मला दुसरी वाट अधिक अवघड वाटते. रस्त्यावर जाणाऱ्याला फक्त स्वतःला बदलावं लागतं. शाळेत रस्ता आणायचा तर फी भरणाऱ्या पालकांना, शिक्षकांना, शिपायांना, नळाच्या पाण्यालासुद्धा बदलावं लागतं. उवा येतील, शिव्या येतील, आमच्या मुलींचा अभ्यास बुडेल, हे सगळं आधी ऐकून घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात देवाचं नाव असावं, अशी सूचना ब्राझीलकडून आली होती. ती घेतली गेली नाही. जगात कोणी एक देव मानतो, कोणी अनेक, कोणी मुळीच नाही, सगळ्यांना तो मान्य करता यावा म्हणून. माझ्या आजोबांना हे पटलं नसतं. मला आधी वाटायचं की देव काढून घेतला की माणसाच्या समतेला टेकू राहत नाही. त्या गच्चीवर मला वेगळं दिसलं. ते काम उभं करणारी बाई व्रतस्थ जोगीण होती, तिची सकाळ प्रार्थनेने सुरू होत असणार. पण मुलींना ती श्रद्धा मागत नव्हती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या घरच्या मुली तिथे होत्या. आपापल्या देवाला घरी ठेवून किंवा बरोबर घेऊन त्या गच्चीवर येत आणि पाटीपुढे बसत. तिची श्रद्धा जमिनीखालच्या ओलीसारखी असेल. वर उगवलं ते सगळ्यांच्या कामाचं होतं.

पहिल्या दिवशी बुडीला घेऊन मी स्वतः गेले. खरं तर मला बघायचं होतं. जिने चढून वर आलो तर गच्चीभर जोड्या बसलेल्या, एक गणवेशातली, एक साध्या फ्रॉकमधली. कोपऱ्यात एक मुलगी गाढ झोपली होती आणि तिला कोणी उठवत नव्हतं. रात्रभर स्टेशनात जागी असेल. एका जोडीपाशी मी थांबले. लहानगीने पाटीवर बंगाली 'क' काढला होता, उलटा, आरशात दिसावा तसा. मी शिक्षिका, माझा हात पुसायला पुढे झाला. ती बारा वर्षांची मोठी मुलगी मात्र पुसेना. तिने त्याच्या शेजारी तिचा स्वतःचा 'क' काढला आणि पाटी दोघींच्या मधे ठेवली. लहानगी एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. मग तिने आपण होऊन तिसरा काढला, सुलट. मोठीने मान हलवली, बस. उलटा 'क' पाटीवर तसाच राहिला. बारा वर्षं शिकवून मी किती मुलांचं पहिलं अक्षर त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं असेल, हे त्या दुपारी मनात आलं.

तीन-साडेतीन महिन्यांनी एका सकाळी स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर खडूने काहीतरी लिहिलेलं दिसलं. बुडीने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं. मला बंगाली वाचता येऊ लागलं होतं. मी मोठ्याने वाचलं. तिने मला विचारलं, "काकीमा, तोमार भालो नाम की?" घरात मला सगळे काकीमा नाहीतर साहेबांच्या बाई म्हणत. मी नाव सांगितलं. तिने ते तिच्या नावाखाली लिहिलं, वेलांटी चुकवून, सारख्याच उंचीच्या अक्षरांत. ओट्याखालचं ताट मी त्याच्या आधीच काढून टाकलं होतं, पण ते काढताना मी काढलं होतं. या दोन ओळी तिने लिहिल्या होत्या.

पुढच्या वर्षी मामा आला आणि तिला सुंदरबनातल्या गोसाब्याकडच्या तिच्या गावी घेऊन गेला. आई आजारी आहे म्हणाला. आम्ही दोनदा पत्र पाठवलं, तिच्या भालो नावाने. उत्तर आलं नाही. ती आता पस्तिशीची असेल.

आपल्याकडे कायदा बराच पुढे गेला आहे. २००२ मध्ये घटनेत कलम २१-अ आलं, २००९ मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सियालदहच्या शाळेने आपण होऊन जे निम्म्यापर्यंत नेलं ते कायद्याने पाव तरी करा असं सांगितलं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला. मधल्या काळात नातवाच्या शाळेच्या फाटकाशी पालकांची जी बोलणी ऐकली, ती ऐकून मला तो अर्धवट खणलेला खंदक आठवला. "त्यांच्यासाठी त्यांची शाळा आहे ना जवळ." बोलणारी बाई प्रेमळ आहे, चतुर्थीला आमच्या घरी मोदक पाठवते. मी तिला काही बोलू शकले नाही, याचं मला वाईट वाटतं. तिच्यात मला १९९९ सालची मी दिसत होते. सिस्टर सिरिल २०११ मध्ये शाळेतून निवृत्त झाल्या आणि २०२३ च्या जूनमध्ये कोलकात्यातच वारल्या. ती बोलणी ऐकली तेव्हा या फाटकापाशी त्या असत्या तर काय केलं असतं, असा विचार आला होता. बोलल्या नसत्या बहुतेक. गच्ची कुठे आहे, असं विचारलं असतं.

२००४ च्या जूनमध्ये मी नागपुरात पुन्हा शिकवायला लागले. आठवीचा वर्ग, नागरिकशास्त्राचा पहिला तास. पुस्तक न उघडता मी गृहपाठ दिला. तुमच्या घरी जे कोणी कामाला येतं त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि त्यांना किती मुलं आहेत, ते विचारून लिहून आणा. सियालदहच्या उंबऱ्यावर शिकलेलं मी वर्गात आणलं म्हणून माझं मला समाधान वाटत होतं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्यांत 'मंगलाबाई', 'शांताबाई' एवढंच होतं. काहींनी आडनाव मिळवलं होतं. एका मुलाने लिहिलं होतं की मावशींनी आधी विचारलं, पोलिसात द्यायचंय का.

तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली. वही छातीशी धरलेली. "बाई," ती म्हणाली, "आमच्याकडे कोणी येत नाही. माझी आईच जाते. मी काय लिहू?"

मी खुर्चीतून उठले, एवढं आठवतं. गृहपाठ देताना वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी कामाला बाई येते असं मी धरून चालले होते. काय बोलावं ते सुचेना. मग तिला म्हटलं, "आईला विचार, ती ज्या घरी जाते तिथल्या बाईंची पूर्ण नावं तिला माहीत आहेत का."

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. चार घरं होती. चारही घरांतल्या बायकांची नावं, नवऱ्यांची नावं, आडनावं, मूळ गावं. मुलं किती, कोण कितवीत, कोणाची दहावी आहे. एका घरातली सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे आणि तिचं माहेर अकोल्याचं आहे. शेवटच्या घरापुढे आईच्या सांगण्यावरून तिने एक जादा ओळ लिहिली होती, की त्या घरच्या आजोबांना साखर चालत नाही, त्यांचा चहा आधी बाजूला काढायचा.